निबंधाला आधी प्रश्न हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी तीस वर्षे मराठी शिकवले, म्हणून शेजारपाजारची कॉलेजची मुले असाइनमेंट घेऊन माझ्याकडे येतात. शुद्धलेखन तेवढे पाहून द्या, म्हणतात. पण दुखणे शुद्धलेखनाचे नसतेच.

परवा झुवारीकाठच्या एका गावातली मुलगी ‘गोव्यातील खाजन शेती’ हा निबंध घेऊन आली. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदी-खाडीकाठची शेतजमीन. सहा पाने, अक्षर मोत्यासारखे. सुरुवात ‘गोवा ही निसर्गसौंदर्याने नटलेली भूमी आहे’, शेवट ‘खाजने वाचवणे ही काळाची गरज आहे’. मध्ये बांध, मानस (म्हणजे बांधातली पाणी आत-बाहेर सोडणारी दारे), खाऱ्या जमिनीत येणारे कोरगुट भात असे सगळे आले होते. तिला स्वतःला काय म्हणायचे आहे, ते मात्र कुठेच सापडेना. मी विचारले, ‘बाय, तुमच्या शेतात खारे पाणी का शिरले?’ आणि ती अर्धा तास बोलली. आजोबा सांगतात, पूर्वी बांधाची डागडुजी गावकरी, म्हणजे गावाच्या सामायिक जमिनी सांभाळणारी जुनी संस्था, करायची. १९६४च्या कूळ कायद्यानंतर ती कुळांच्या संघटनेकडे आली. पुढे भातापेक्षा मानशीवर मासे धरण्याच्या हक्काच्या लिलावात पैसा दिसू लागला आणि मासळीसाठी भरतीलाही दारे उघडी राहू लागली.

म्हटले, हाच तुझा निबंध. पण आजोबांचा शब्द हा एक पुरावा झाला. मूळ कायदा वाच, संघटनेच्या माणसांना विचार, गावकरीच्या काळातही बांध फुटत होते का ते पणजीतल्या पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे काढून बघ. काही उलटे सापडले तर लपवू नकोस, त्याला उत्तर दे. दुसऱ्याचे वाक्य घेतलेस तर अवतरणात घाल आणि कुठून घेतले ते लिही.

दहा दिवसांनी ती आली ती चार पाने घेऊन. पहिले वाक्य होते: ‘कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिले, पण बांधाचा खर्च कोणी उचलायचा हे आमच्या गावात आजही ठरलेले नाही.’ वाचून मला फार बरे वाटले. तिसऱ्या पानावर मानशीच्या ठेकेदाराची बाजूही तिने मांडली होती, आणि ती प्रामाणिकपणे मांडली होती.

प्राध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘गोव्यातील पर्यटन’, ‘खाण व्यवसाय’ असे ऐसपैस विषय देऊ नका, प्रश्न द्या. २०१२मध्ये खाणी बंद पडल्यावर तुमच्या गावातल्या ट्रकमालकांनी काय केले, असे विचारलेत तर मुलाला इंटरनेटवरून उतरवता येणार नाही, घराबाहेर पडावेच लागेल. आणि कच्चा खर्डा मागून घ्या. वर्गात साठ-सत्तर मुले असली की ते जड जाते, मला ठाऊक आहे. पण समासात ‘हे कशावरून?’ एवढे लिहिले तरी मूल पुन्हा विचाराला बसते. खर्ड्यापासून पक्क्या प्रतीपर्यंत त्याने काय सुधारले, यालाही गुण ठेवा.

जाताना त्या मुलीने विचारले, ‘टीचर, प्रस्तावना काढून टाकली म्हणून मार्क कापणार नाहीत ना?’ याचे उत्तर तिच्या प्राध्यापकांनीच द्यायला हवे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा