सोनू, मी नाव दिलंय

चोपडा,
१२ मे

प्रिय सोनू,

परवा फोनवर तू विचारलंस, "हे तुला कशाला हवंय?" तेव्हा शेजारी काकू बसली होती, म्हणून मी विषय बदलला. पण प्रश्न मनातून गेला नाही. त्याचं उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून लिहायला बसलेय. लांबेल, सवडीने वाच.

हो, जळगावच्या सौंदर्यस्पर्धेत मी नाव दिलंय आणि अंतिम फेरीसाठी माझी निवडही झाली आहे. फेऱ्या तीन आहेत : पारंपरिक वेश, गाऊन आणि प्रश्नोत्तरं. आईला सगळ्यात आधी हेच सांगावं लागलं, कारण तिच्या डोक्यात स्विमसूट घट्ट बसला होता. मिस वर्ल्डवाल्यांनीसुद्धा २०१५ पासून ती फेरी बंद केली, हे सांगितलं तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

नानांची हरकत निराळी होती. लोक काय म्हणतील, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. शिकलेल्या मुलीने यात पडावं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी त्यांना रीटा फारियांचं सांगितलं. १९६६ साली मिस वर्ल्ड झालेल्या आशियातल्या त्या पहिल्या, तेव्हा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकत होत्या आणि पुढे सिनेमात न जाता डॉक्टरच झाल्या. नानांनी ऐकून घेतलं, पण मुंबईची गोष्ट त्यांना लांबची वाटली असावी. मग मी प्रतिभाताई पाटलांचं काढलं. जळगावच्या एम. जे. कॉलेजात त्या टेबल टेनिस गाजवायच्या आणि १९६२ मध्ये तिथल्या 'कॉलेज क्वीन'ही ठरल्या. त्याच वर्षी आमदार झाल्या, २००७ मध्ये राष्ट्रपती. नाना स्वतः एम. जे.चे विद्यार्थी. "हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही," म्हणाले आणि फॉर्म मागवून घेतला. पालकाची सही लागत नव्हती, मी सज्ञान आहे. पण मला ती हवी होती, सोनू, आणि त्यांनी ती केली.

पैशांची तुझी शंका रास्त आहे. याआधी एका आयोजकाकडे चौकशी केली, तर त्याने नोंदणीची फी सांगितली, वर त्याच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ काढायचा आणि प्रत्येकीने कार्यक्रमाची तिकिटंही खपवायची. मी तिथूनच परत फिरले. ज्यात मुलगीच गिऱ्हाईक असते, त्या स्पर्धेच्या मुकुटाला किंमत नसते. तुझ्या ऑफिसातली ती मुलगी विचारत होती ना, तिला हे नक्की सांग : सही करण्याआधी नियम लेखी माग, परीक्षक कोण ते विचार, आणि "पुढे मुंबईला संधी देऊ" असं तोंडी म्हणणाऱ्याकडे फिरकू नकोस.

आता तयारीचं सांगते. मला सगळ्यात आवडलेलं तेच आहे.

चालण्याचा सराव मी केळीच्या पॅकिंग शेडमध्ये करते. कोब्याची जमीन एकदम सपाट आहे आणि संध्याकाळी माल भरून गाड्या निघाल्या की शेड रिकामं होतं. दिवसा तर बोलूच नकोस, पारा ४५ला टेकलाय आणि पत्रे नुसते आग ओकतात. आधी दोन इंची रुंद टाचेवर शिकले, आता पेन्सिल हील. पाऊल एकाच रेषेत पुढे टाकायचं, गुडघे ताठ ठेवायचे नाहीत, हनुवटी जमिनीला समांतर, आणि नजर पहिल्या रांगेवर न ठेवता मागच्या भिंतीवर. टोकाला जाऊन थांबायचं, श्वास घ्यायचा, मग वळायचं. मला वाटायचं अवघड आहे ते चालणं. खरं अवघड आहे थांबणं. सगळे आपल्याकडे बघत असताना हातांशी चाळा न करता, ओढणी न सावरता उभं राहायचं हे आपल्याला कुणी शिकवलंय का, सांग ना? आपण वर्गातसुद्धा बाकाच्या आड उभ्या राहायचो. आता मी थांबते तेव्हा शेडच्या त्या टोकाला नुसती केळीची खोकी असतात, पण मी खरोखर थांबते.

आजी खुर्ची टाकून बसते. "मान वर करीसन चाल, पोरी," एवढंच सांगते. सगळ्या ट्रेनिंगमधली सगळ्यात कामाची सूचना तीच.

गाऊन इथल्याच टेलरकाकांकडे टाकलाय. सुश्मिता सेननेही १९९४च्या मिस इंडियाला दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातलं कापड साध्या शिंप्याकडून शिवून घेतलं होतं आणि हातमोजे पायमोज्यांचे केले होते. तिनेच ते पुढे मुलाखतीत सांगितलं. काकांना हे सांगितल्यापासून ते माझ्या मापाला फार जपतात. टाचेचे सँडल घालूनच लांबी मोजायची, हे मात्र मी त्यांना शिकवलं.

खाण्याचं फार काही नाही. डाएटच्या कागदावर ॲव्होकाडो लिहिला होता, मी कळण्याची भाकरी आणि ताक चालू ठेवलं. रस मात्र वाटीभरच. मे महिन्यात हे जड जातं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितेय ते. ट्रेनिंग देणाऱ्या मॅडम चांगल्या आहेत, मनापासून शिकवतात, पण त्यांना माझ्यातलं बरंच काही बदलायचं होतं, आणि काय बदलू द्यायचं याचा मी खूप विचार केला. आवाज पोटातून काढायला त्यांनी शिकवलं, ते मी घेतलं. उच्चार स्पष्ट हवेत, तेही मान्य. मी घाईत 'डोया' म्हणून जाते, मायकवर 'डोळा' नीट म्हणेन. पण ओळख करून देताना पहिली दोन वाक्यं अहिराणीतच बोलणार, हे त्यांना स्पष्ट सांगितलं. "परीक्षकांना कळणार नाही," त्या म्हणाल्या. जळगावात बसलेल्या परीक्षकांना अहिराणी कळली पाहिजे, असं मला वाटतं.

मेकअपचा बेस दोन शेड उजळ लावायचा म्हणत होत्या, त्यालाही नाही म्हटलं. २०१९ची मिस युनिव्हर्स झोझिबिनी टुन्झी तिच्या स्वतःच्या काळ्या रंगात आणि बारीक कापलेल्या केसांत जिंकली. तिचे फोटो मी मॅडमना दाखवले. त्यांनी माझ्या हातावर नवी शेड लावून पाहिली आणि तीच ठेवली.

एका गोष्टीवर मात्र खूप बोलणं झालं. पारंपरिक फेरीत 'आदिवासी लूक' कर, चांदीचे दागिने भाड्याने मिळतील, स्टेजवर उठून दिसेल, असा त्यांचा आग्रह होता. सोनू, सातपुड्यातल्या पावरा बाया आमच्या केळीच्या बागेत कामाला येतात. त्यांच्या अंगावरची चांदी त्यांच्या आयांकडून, सासवांकडून आलेली असते. ती मी भाड्याने आणून टाळ्या घ्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासमोर बागेत उभं राहायचं, हे माझ्याने होणार नाही. मी आजीचं नऊवारी लुगडं नेसणार आहे. नथेचं अजून ठरलं नाही, तुला काय वाटतं ते कळव.

प्रश्नोत्तरांची धास्ती आहे, आणि ओढही तिचीच आहे. १९९२ मध्ये मिस युनिव्हर्सला आपली नागपूरची मधू सप्रे शेवटच्या तिघींत होती. देशाची प्रमुख झालीस तर काय करशील, असं विचारलं तेव्हा तिने खेळांच्या सोयी उभारण्याचं सांगितलं. ती स्वतः खेळाडू होती. मुकुट गेला तो या उत्तरामुळेच, असं आजही म्हणतात. मला ते उत्तर फार आवडतं. गरिबी हटवेन, जगात शांतता आणेन, हे कुणीही पाठ करून म्हणू शकतं. मैदान मागणारी मुलगी त्या मैदानावर धावलेली असते.

मला विचारलं तर मी एस.टी.बद्दल बोलणार आहे. शेवटची गाडी लवकर सुटते म्हणून आपल्या वर्गातल्या किती जणींनी जळगावचं कॉलेज सोडलं, तुला आठवतंय ना? त्यांतली एक तर आपल्या दोघींपेक्षा गणितात हुशार होती. तिला आज दोन मुलं आहेत. भर नाट्यगृहात, हातात माईक असताना आणि सगळे ऐकत असताना मला हे बोलायचंय. "कशाला हवंय" म्हणालीस ना? यासाठी हवंय. आणि सुंदर दिसायलाही मला आवडतं, तेही तितकंच खरं आहे.

जूनच्या पहिल्या रविवारी ये. महाराष्ट्र एक्स्प्रेसने आलीस तर थेट जळगावला उतरशील, दादा घ्यायला येईल. येताना तुळशीबागेतून बारीक यू-पिना आणि कपड्याला लावायची दुहेरी चिकटपट्टी आण, इथे चांगली मिळत नाही. आणि त्याआधी मला दहा-बारा प्रश्न लिहून पाठव. सोपे नकोत. ज्यांवर आपण भांडतो तेच पाठव.

तुझी,
मनू