उजेड मोजायचा तर आधी लेन्स, मग कॅमेरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्या-मुंबईतल्या काचेच्या दर्शनी भागाच्या कार्यालयांत भर दुपारी पडदे ओढलेले आणि आत दिवे लागलेले दिसतात. टेबलावर उजेड कमी पडतो असे नाही. खिडकीकडे नजर गेली की डोळे दिपतात, म्हणून पडदा ओढला जातो. आपली मानके मात्र मुख्यतः टेबलावरच्या उजेडाचेच बोलतात. आयएस २४४० (१९७५) हे भारतीय मानक स्वच्छ आकाशाचा उजेड ८,००० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) धरते, म्हणून एक टक्का डेलाइट फॅक्टर (बाहेरच्या उजेडाचा आत पोचणारा भाग) म्हणजे ८० लक्स. ईसीबीसी २०१७ या इमारतींच्या ऊर्जा संवर्धन संहितेत उपयुक्त उजेडाचा पट्टा १०० ते २,००० लक्स असा आहे. बसणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुठे किती झळाळी आहे, हे टेबलावर ठेवलेला लक्समीटर सांगू शकत नाही. त्यासाठी तो बसतो तिथूनच, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा लावून एकाच दृश्याचे कमी-अधिक एक्स्पोजरचे फोटो काढायचे आणि ते जोडून एक एचडीआर नकाशा (गडद अंधारापासून झगझगीत उजेडापर्यंत सगळे नोंदणारे चित्र) करायचा. त्यात प्रत्येक पिक्सेलला ल्युमिनन्सची, म्हणजे तो भाग डोळ्यांना किती झळाळतो याची, कँडेला प्रति चौरस मीटरमधली किंमत असते.

ही पद्धत आता वास्तुकला महाविद्यालयांत आणि सल्लागारांकडे रुळते आहे, याचा आनंद आहे. पण खरेदीच्या याद्या पाहिल्या की काळजी वाटते. कॅमेऱ्याची महागडी बॉडी, तिच्यासोबत येणारी १८-५५ मिलिमीटरची लेन्स, आणि मीटर एकही नाही. पैसे नेमके उलट्या जागी जातात.

आधी मोबाइलचे बोलू, कारण प्रत्येक विद्यार्थी तो प्रश्न विचारतो. फोनमधले ‘एचडीआर’ अनेक फोटो जोडते खरे, पण शेवटी खिडकीचा उजेड दाबते, कोपऱ्यातला अंधार उचलते आणि चित्र देखणे करते. जो फरक मोजायचा, तोच पुसला जातो. तेव्हा मोजमापाला तो फोटो वापरू नये.

सगळ्यात जास्त विचार लेन्सचा करावा. दिपण्याचा निर्देशांक, डीजीपी, काढायला डोळ्यांपुढचे १८० अंशांचे पूर्ण अर्धगोल दृश्य लागते, म्हणून वर्तुळाकार फिशआय लेन्स हवी. ‘फिशआय’ म्हणून विकली जाणारी प्रत्येक लेन्स वर्तुळ देत नाही. काही लेन्स चौकट पूर्ण भरतात आणि १८० अंश फक्त कर्णावर मिळतात. शिवाय लेन्स सेन्सरच्या मापाला जुळायला हवी. सिग्माच्या ८ मिमी लेन्सचे वर्तुळ हिशेबाने साधारण २२.६ मिमी व्यासाचे येते. फुल-फ्रेम सेन्सरची उंची २४ मिमी, त्यामुळे ते नीट बसते. स्वस्त कॅमेऱ्यांतला लहान, एपीएस-सी सेन्सर जेमतेम १५ मिमी उंच असतो. तिथे वरचे आकाश आणि खालची जमीन कापली जाते आणि पुढचे सगळे आकडे चुकतात. एपीएस-सी बॉडी असेल तर त्याच कंपनीची ४.५ मिमी लेन्स घ्यावी, तिचे वर्तुळ १२.७ मिमीचे आहे. काचेवर बुरशी नसेल तर वापरलेली लेन्सही उत्तम चालते. आपल्या पावसाळी हवेत ती लेन्स सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यातच ठेवावी. वातानुकूलित खोलीतून बाहेर आणल्यावर फुगीर काचेवर दव धरते, ते पुरते जाईपर्यंत एकही फोटो काढू नये.

फिशआय लेन्स कडेला उजेड कमी पोचवते. अपर्चर, म्हणजे उजेड आत सोडणारे छिद्र, पूर्ण उघडे ठेवले तर काही लेन्समध्ये कडेची किंमत निम्म्यापर्यंत उतरते, आणि खिडकी तर बहुतेक वेळा कडेलाच असते. एफ-११ वर (एफचा आकडा मोठा तितके छिद्र बारीक) ही घट बरीच कमी होते, पण संपत नाही. म्हणून ती मोजून ठेवावी. ढग नसलेल्या स्थिर उजेडात, किंवा घरात न लुकलुकणाऱ्या दिव्याखाली, एक मॅट राखाडी कार्ड उभे करायचे. ट्रायपॉडवर अंश कोरलेला फिरता माथा बसवायचा आणि लेन्सचा प्रवेशबिंदू (उजेडाचे किरण लेन्समध्ये जिथे एकत्र येताना दिसतात ती जागा) बरोबर फिरण्याच्या अक्षावर आणायचा. मग कार्ड मध्यभागी ते अगदी कडेपर्यंत, ० ते ९० अंश, दर ५ अंशांनी असे १९ वेळा टिपायचे. प्रत्येक वेळची किंमत मध्यभागाच्या किमतीने भागली की घटीच्या दुरुस्तीचा वक्र मिळतो. तो त्या लेन्सचा आणि त्याच अपर्चरचा असतो. एफ-११ चा वक्र एफ-५.६ ला लावू नये. दुसऱ्याच्या लेन्सचा आयता वक्रही उचलू नये.

बॉडीत चार गोष्टी पाहाव्यात: सगळे हाताने ठरवता येणे, रॉ फाइल (कॅमेऱ्याने न सजवलेली मूळ नोंद), संगणकावरून चालवता येणे आणि वेगवान शटर. मेगापिक्सेलसाठी पैसे मोजायची गरज नाही, कारण हिशेबाच्या वेळी नकाशा सुमारे १,००० × १,००० पिक्सेलवर आणावाच लागतो. दिवसभराच्या नोंदी घ्यायच्या असतील तर शटरचे आयुष्यही धरावे. दर १० मिनिटांनी १५ फोटो म्हणजे ८ तासांत ७२०, महिन्याला २१,६००. मिररलेसचा इलेक्ट्रॉनिक शटर ही झीज वाचवतो, पण एलईडी दिवे चालू असतील तर चित्रात पट्टे उमटतात. आणि लेन्स उन्हाकडे रोखून मिररलेस तासन्‌तास उघडा ठेवू नये, सेन्सरला धोका असतो. फोटोंच्या दोन संचांच्या मध्ये लेन्सला टोपण लावावे. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे तर कधीच पाहू नये.

वेगवान शटर कशाला, हे सूर्य दृश्यात आला की कळते. ५०० लक्स उजेडातला पांढरा कागद जेमतेम १२५ कँडेला प्रति चौरस मीटर असतो, खिडकीतले आकाश हजारांत जाते, सूर्यबिंब १६० कोटींच्या घरात. आयएसओ १००, एफ-११ आणि १/४००० सेकंद या जोडणीत पिक्सेल काही लाख कँडेलांवरच भरून जातो, त्यापुढचा उजेड नोंदलाच जात नाही. मग सूर्य आहे त्याच्या हजारो पट फिका नोंदला जातो आणि अहवालात ‘त्रास नाही’ असे छापले जाते. सूर्य पकडायला एनडी ३.० फिल्टर (हजारात एक भाग उजेड सोडणारा), एफ-१६ किंवा त्याहून बारीक अपर्चर आणि १/८००० सेकंद ही तिन्ही एकत्र लागतात. १/४००० वर थांबणारी बॉडी एफ-२२ वरही काठावरच पास होते. या लेन्सची पुढची काच फुगीर असल्याने फिल्टर पुढे बसत नाही. जिलेटिनचा तुकडा कापून मागच्या खाचेत सरकवावा लागतो. त्याने रंगही किंचित बदलतो, म्हणून लाल, हिरव्या, निळ्या वाहिनीची दुरुस्ती वेगवेगळी काढावी. फिल्टर घालताना कॅमेरा हलला तर फिल्टरआधीचा आणि नंतरचा असे दोन संच जुळत नाहीत, तेव्हा ट्रायपॉड मजबूत घ्यावा.

मीटरला काटकसर करू नये. एक चांगला लक्समीटर आणि एक अंशाच्या ठिपक्याची झळाळी मोजणारा ल्युमिनन्स मीटर हवाच. दुसरा महाग असतो, पण दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून घेतला तरी भागते. राखाडी कार्ड दृश्याच्या मध्याजवळ ठेवून ल्युमिनन्स मीटरने वाचायचे आणि नकाशा त्या किमतीला जुळवायचा. एक अंश म्हणजे ३ मीटरवर सुमारे ५ सेंटिमीटरचा ठिपका, तेव्हा कार्ड त्याहून बरेच मोठे असावे. लक्समीटर लेन्सशेजारी, तिच्याच दिशेने उभा धरायचा. फोटोंच्या आधी एक वाचन, नंतर एक. दोहोंत १० टक्क्यांहून जास्त फरक पडला तर मधे ढग सरकला असे समजून संच टाकून द्यावा. पुढे नकाशातून निघणारा उभा उजेडही (डोळ्यांच्या उभ्या पातळीवर पडणारा) याच वाचनाशी पडताळायचा. समजा मीटर १२,००० लक्स म्हणतो आणि नकाशा ४,०००, तर कुठेतरी पिक्सेल भरून गेले आहेत.

फोटो काढताना आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’, फोकस हाताने, अपर्चर एकच; बदलायचा तो फक्त शटर. ४ सेकंदांपासून १/४००० पर्यंत एक-एक स्टॉपने (दरवेळी उजेड निम्मा करत) १५ फोटो होतात. रॉ असेल तर दोन-दोन स्टॉपने ८ पुरतात. कॅमेऱ्यातल्या सावल्या उजळणाऱ्या आणि कडा सुधारणाऱ्या सोयी बंद कराव्यात. आणि छताचा पंखा बंद करावा. प्रत्येक फोटोत पाते वेगळ्या जागी येते आणि जोडलेल्या नकाशात छतावर भुताटकीचे डाग पडतात. फडफडणारे कॅलेंडर आणि पडद्याची झालरही तेच करते. एवढे केले तर पांढऱ्या-राखाडी पृष्ठभागांवर चूक १० टक्क्यांच्या आसपास राहते. गडद रंगांवर ती वाढते.

फोटो जोडायला ग्रेग वॉर्ड यांचे एचडीआरजेन आणि डीजीपी काढायला यान विनोल्ड यांचे इव्हॅलग्लेअर ही साधने विनामूल्य मिळतात. दोन ठिकाणी हमखास चूक होते. वरच्या सिग्मा लेन्स समघनकोनी प्रक्षेपण (सारखे घनकोन सारख्या क्षेत्रफळात दाखवणारे) देतात, तर हिशेबाला समकोनी (केंद्रापासूनचे अंतर कोनाच्या प्रमाणात ठेवणारे) लागते. मधे रूपांतर केलेच पाहिजे. दुसरे, नकाशावर प्रक्रिया करणाऱ्या पीकॉम्बसारख्या आज्ञेनंतर फाइलच्या सुरुवातीच्या माहितीतली (हेडरमधली) दृश्यकोनाची ओळ टॅबने आत सरकते, पुढची आज्ञा ती वाचत नाही आणि उत्तर मुकाट्याने चुकीचे येते. ती ओळ दरवेळी नव्याने लिहावी.

युरोपच्या ईएन १७०३७ (२०१८) या मानकात डीजीपीच्या मर्यादा ०.३५, ०.४० आणि ०.४५ अशा आहेत; आकडा जितका मोठा, तितके डोळे दिपण्याचा त्रास जास्त. ०.०५ च्या फरकावर इमारतीचा दर्जा ठरत असेल, तर अशा प्रत्येक नकाशाखाली लेन्स, अपर्चर, सर्वांत वेगवान शटर, फिल्टर आणि आधी-नंतरची लक्सची दोन वाचने छापावीत, आणि महाविद्यालयांनी व हरित मानांकन देणाऱ्या संस्थांनी ती नसतील तर अहवाल परत पाठवावा, अशी आमची विनंती आहे.

आपले,
दिवसप्रकाशाच्या मापनाचे काम करणारे काही वास्तुरचनाकार, पुणे