पुळणीवरची वाळू कुणाच्या हिशेबात?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीआधी आमच्या किनाऱ्यावर सपाटीकरण झालं. ट्रॅक्टरला फळी लावून वाळूचे उंचवटे खाली ओढले, का तर पर्यटकांना गाडीत बसून समुद्र दिसला पाहिजे. त्याच आठवड्यात धूपप्रतिबंधक बंधारा हवा म्हणून निवेदनावर सह्या घ्यायला एक जण माझ्या पडवीत आला. मी सही केली नाही, म्हणून हे पत्र.

मी श्रीवर्धन तालुक्यातला सुपारी-नारळाचा बागायतदार. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळात वाडीतल्या पोफळी मधूनच मोडल्या, माड मुळासकट उपटले. पंचनाम्यात एकेक झाड मोजलं गेलं. वाळू कुणी मोजली नाही. माझ्या गडग्याबाहेर पुरुषभर उंचीचा उंचवटा होता. संध्याकाळी पाहतो तर त्याची समुद्राकडची बाजू सुरीने कापल्यासारखी उभी, आणि वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीची मुळं हवेत लोंबतायत. अर्धा उंचवटा गेला, पण पाणी गडग्याच्या आत आलं नाही. शेजारी वाटेसाठी तो आधीच फोडलेला होता. तिथे खारं पाणी थेट विहिरीपर्यंत गेलं.

गेलेली वाळू सगळी हरवत नाही. पावसाळ्यात लाटा ती ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध होतो. मोठी लाट तिथेच फुटते. पाऊस सरला की संथ लाटा बरीचशी वाळू परत आणून टाकतात, आणि पुढचं काम वारा करतो. सुकलेली वाळू उडत येऊन मर्यादवेलीच्या, केवड्याच्या बुडाशी अडकते. अडवायला काहीच नसेल तर ती आमच्या ओट्यावर येते, आणि बायका ती झाडत बसतात.

दगडी बंधाऱ्यावर आपटलेली लाट मात्र परतताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. बंधारा जिथे संपतो, तिथून पुढच्या घराची धूप वाढते ती वेगळीच. तरी बंधारा नकोच असं माझं म्हणणं नाही. घरं लाटेच्या तोंडी असतील तिथे दुसरा इलाज नसतो. अमेरिकेत न्यू जर्सीच्या बे हेड गावात 1882 सालची दगडी भिंत वाळूखाली गाडली गेली होती, लोक विसरूनही गेले होते. 2012 मध्ये सँडी वादळाने वरची वाळू नेली तेव्हा ती भिंत उघडी पडली आणि लगतच्या मँटोलोकिंगपेक्षा तिथली घरं कितीतरी जास्त वाचली. तिथे वाळूच्या आत दगड होते. आपण वाळू काढून दगड मागतोय.

वारा-लाटा अडवायला सुरूच्या लागवडीचं म्हणाल, तर निसर्ग वादळात सुरूची झाडंही आडवी झाली. त्यांच्या गळलेल्या काड्यांच्या थरात वेल धड रुजत नाही.

बरं, 2019 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भागात धरल्या आहेत. ट्रॅक्टर कुणाच्या परवानगीने फिरला, असं ग्रामसभेत विचारलं. उत्तर मिळालं, "सुशोभीकरण."

वाळू परत येण्याचे दिवस हेच आहेत. वाडीत पडलेल्या झावळ्यांची झापं विणून पुळणीच्या वरच्या अंगाला, वाऱ्याच्या आडवं, गुडघाभर कुंपण करायचं. फटी ठेवायच्या, नाहीतर वारा ते लोळवतो. पावसाच्या तोंडावर मर्यादवेलीचे तुकडे खोचायचे. माणसांना, गाड्यांना एकच वाट, तीही तिरकी, म्हणजे उधाणाला सरळ रस्ता मिळत नाही. गेल्या वर्षी माझ्या गडग्यासमोर मी वीस हात कुंपण केलं होतं. मे महिन्याच्या अखेरीस झाप जेमतेम तीन बोटं वर दिसत होतं, बाकी सगळं वाळूत. यंदाच्या ट्रॅक्टरने तेही नेलं.

निवेदनात बंधाऱ्याच्या वर एक ओळ घाला, की आधी किनाऱ्यावरचा ट्रॅक्टर थांबवा. सही आजही करीन.

आपला,
एक बागायतदार, श्रीवर्धन तालुका, जि. रायगड