२८१ नंबरचा रस्ता

ब्रँडन, मॅनिटोबा (कॅनडा)
३ ऑक्टोबर

ती. दादास आणि सौ. वहिनीस साष्टांग नमस्कार वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, "यंदा कुठल्या वाटेनं जाणार?" तेव्हा लाईन नीट नव्हती, आणि हे फोनवर सांगण्यासारखंही नाही. म्हणून सविस्तर लिहितोय. एसटीत तीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाकडून मला हा बेत तपासून घ्यायचा आहे.

इथे सकाळी गाडीच्या काचेवर हिम धरायला लागलंय. आणखी तीन-चार आठवड्यांनी पारा शून्याखाली गेला की मार्चपर्यंत फारसा वर येत नाही. जानेवारीतल्या काही रात्री उणे तीसच्या असतात. हिच्या गुडघ्यांना ते आता सोसत नाही. दिवाळीनंतर आपल्याकडे धनगरांचे वाडे जसे मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, तशी इथली निवृत्त मंडळी घरासकट, म्हणजे आत झोपायची-रांधायची सोय असलेल्या मोठ्या गाडीतून, दक्षिणेला जातात. आमचा मुक्काम टेक्सासच्या टोकाला, रिओ ग्रांदे नदीच्या काठच्या खोऱ्यात. पलीकडे मेक्सिको. जानेवारीत तिथे दुपारी स्वेटर लागत नाही आणि झाडावर लाल गराची ग्रेपफ्रूट लगडलेली असतात.

गेल्या वर्षी मी चूक केली. फोनवरच्या नकाशानं सर्वांत कमी वेळाचा रस्ता दाखवला आणि मी तो धरला: २९ नंबरनं कॅन्सस सिटी, तिथून ३५ नंबरचा हायवे धरून थेट दक्षिणेला. त्या एका ३५ वर ओक्लाहोमा सिटी, फोर्ट वर्थ, ऑस्टिन, सॅन अँटोनियो ओळीनं येतात. ऑस्टिनला पोचलो ते नेमके संध्याकाळी पाचला. तिथे रस्ता दुमजली होतो. वर जायचं की खाली हे ठरवेपर्यंत डाव्या बाजूनं ट्रक, उजव्या बाजूनं ट्रक, आणि आमचं एकतीस फुटांचं धूड मधे. एका ट्रकनं उजवा आरसा दुमडून नेला. फुटला नाही, पण कुठे काय आहे ते पुढची चार मैलं मला दिसत नव्हतं. ही काही बोलली नाही. सॅन मार्कोसला थांबलो तेव्हा तिनं मूठ उघडली. तळहातावर चारी नखांच्या अर्धचंद्राकृती खुणा उमटल्या होत्या. त्या मी विसरलो नाही. यंदा दोन दिवस जास्त लागले तरी चालतील, पण तिच्या तळहातावर तसं पुन्हा काही उमटता कामा नये, एवढंच मनाशी धरून नकाशा काढून बसलो.

आणि वाट आमच्या दारातच निघाली! ब्रँडनमधून जाणारा आमचा १० नंबरचा रस्ता सरळ दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर सीमेला भिडतो. तिथे दोन्ही देशांनी मिळून १९३२ साली केलेली एक बाग आहे, इंटरनॅशनल पीस गार्डन. त्या बागेपाशी १० नंबर संपतो आणि अमेरिकेचा २८१ सुरू होतो. तो नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा, नेब्रास्का, कॅन्सस, ओक्लाहोमा ओलांडून टेक्सासच्या तळाशी ब्राउन्सव्हिलला जातो. सुमारे तीन हजार किलोमीटर, जवळजवळ उभी रेघ. इतकी वर्षं इथे राहून मी हा नंबर फक्त पाटीवर वाचत होतो.

बहुतेक रस्ता दुपदरी आहे. गहू, मका, गुरांची कुरणं, आणि वीस-तीस मैलांवर एखादं गाव: धान्याचं उंच कोठार, एक पेट्रोल पंप, एक चर्च. गावात शिरताना वेग कमी करावा लागतो, सिग्नल लागले तर एखाद-दोन. तुझ्या वाई-महाबळेश्वर गाडीसारखं, गावं घेत घेत जायचं. घाट मात्र एकही नाही, पसरणीची सर इथल्या कुठल्याच वळणाला नाही.

नॉर्थ डकोटात डेव्हिल्स लेक म्हणून एक तळं आहे. त्याचं पाणी बाहेर पडायला नैसर्गिक वाट नाही. १९९० नंतरच्या ओल्या वर्षांत ते इतकं फुगलं की जुन्या २८१ चा तुकडा पाण्यात गेला आणि रस्ता पश्चिमेकडून वळवावा लागला. धोमच्या पाण्याखाली गेलेल्या वाटा तुला ठाऊक आहेत, म्हणून लिहिलं. पहिला मुक्काम जेम्सटाउन. दुसरा पिक्सटाउनला, मिसुरी नदीवरच्या फोर्ट रँडल धरणाजवळ. रस्ता धरणाच्या भिंतीवरूनच जातो. तिसरा नेब्रास्कात हेस्टिंग्ज. दिवसाला तीनशे मैलांच्या वर जायचं नाही आणि दुपारी तीनला चाकं थांबलीच पाहिजेत, हा इथल्या जुन्या लोकांचा नेम आम्ही पाळणार आहोत. उजेडात गाडी लावली की समतल करता येते, वीज जोडता येते, आणि ही शांतपणे कुकर लावते.

एक अडचण आहे ती पाण्याची. उत्तरेकडचे बरेच कॅम्प, म्हणजे अशा गाड्या मुक्कामाला लावायच्या जागा, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नळ बंद करतात, नाहीतर थंडीनं पाइप फुटतात. आमच्या गाडीतल्या पाइपांनाही तोच धोका. म्हणून कालच सगळं पाणी काढून टाकलं आणि गोठू नये म्हणून मिळतं ते गुलाबी औषध आत सोडलं. पंप चालू करून एकेक नळ उघडायचा. आधी हवा फुसफुसते, मग साधं पाणी, मग फिकट गुलाबी, आणि गडद गुलाबी धार आली की तो नळ बंद. गरम पाण्याचा वेगळा, थंडचा वेगळा, शॉवर, संडास, सगळीकडे ती धार बघितली. ही बाहेरून ओरडून विचारत होती, "आला का रंग?" कॅन्ससपर्यंत पिण्याचं पाणी कॅनमध्ये. पुढे हवा बघून टाकी धुऊन भरायची.

माझी खरी काळजी वाऱ्याची आहे. त्या सपाट मुलखात त्याला अडवायला काही नाही, आणि आमची गाडी म्हणजे चाकावरची भिंत. आडवा वारा आला की स्टिअरिंग सतत एका अंगाला धरून ठेवावं लागतं, आणि समोरून मोठा ट्रक सपकन गेला की गाडी एकदम हलते. म्हणून दोन दिवस राखीव ठेवलेत. जोराचा वारा सांगितला असेल त्या दिवशी निघायचं नाही. तू पावसात दरड दिसली की प्रवाशांनी कितीही कटकट केली तरी गाडी जागची हलवायचा नाहीस, तसं.

कॅन्ससमध्ये दोन ठिकाणी मुद्दाम थांबणार. लेबनन गावाजवळ, रस्त्यापासून मैलभरावर एक दगडी खूण आहे: अलास्का आणि हवाई सोडून उरलेल्या ४८ राज्यांचा मध्यबिंदू. हिला तिथे उभं राहून फोटो काढायचाय. दुसरं ठिकाण ग्रेट बेंडजवळचं शायन बॉटम्स, ४१ हजार एकरांची खोलगट दलदल. ऑक्टोबरच्या शेवटी तिथे हूपिंग क्रेन उतरतात, पाच फूट उंचीचे पांढरेशुभ्र क्रौंच. १९४१ साली टेक्सासच्या किनाऱ्यावर ते जेमतेम पंधरा-सोळा उरले होते. जपले म्हणून आज त्या थव्यात पाचशेच्या वर आहेत. तेही कॅनडातूनच निघतात आणि टेक्सासलाच हिवाळा काढतात. दिसतील की नाही सांगता येत नाही, पण पहाटे दुर्बीण घेऊन जाऊन बसणार आहे.

आता शहरांचं. ओक्लाहोमात लॉटनपासून विचिटा फॉल्सपर्यंतचा बराचसा रस्ता मोठ्या हायवेवरून आहे, पण ती गावं आटोपशीर आहेत. फोर्ट वर्थ पूर्वेला राहतं. आम्ही जॅक्सबरो, मिनरल वेल्सवरून खाली उतरतो. ऑस्टिनही बाजूला राहतं. या वाटेवर खरं शहर एकच, सॅन अँटोनियो, आणि ते मात्र टळत नाही. तिथे तुझा नेम लावलाय. पुण्यात जाताना तू म्हणायचास, सकाळच्या गर्दीआधी स्वारगेटला शिरायचं, ते जमलं नाही तर कात्रजलाच चहा घेत बसायचं, मधल्या वेळी शिरायचं नाही. म्हणून बेत असा केलाय की शनिवारची रात्र पन्नास मैल अलीकडे ब्लँको गावातल्या नदीकाठच्या सरकारी कॅम्पात काढायची आणि रविवारी सकाळी सातला निघायचं. इथे रविवारची सकाळ म्हणजे सगळं गाव एकतर झोपलेलं, नाहीतर चर्चला निघायच्या तयारीत. १६०४ नंबरच्या बाहेरच्या वळणरस्त्यानं पूर्वेकडून फिरून ३७ नंबरला लागलो की नऊच्या आत शहर मागे पडेल. त्या शनिवारी ब्लँकोत पोचायचं हे आधी ठरवलं आणि मग तिथून उलटं मोजत घरून निघायचा वार काढला. तो निघाला बुधवार, २२ तारीख. लक्ष्मीपूजन झाल्यावरच, म्हणजे हीही खूश.

पुढे थ्री रिव्हर्स, ॲलिस, फालफुरियस आणि मग एडिनबर्ग. फालफुरियसनंतर बरंच अंतर नुसती कुरणं आहेत, तेव्हा टाकी आधीच भरून घेणार. ही गाडी लिटरला जेमतेम साडेतीन किलोमीटर देते.

वहिनीनं पाठवलेला गोडा मसाला आणि मेतकूट बरोबर घेतोय. ताजी फळं, भाज्या सीमेवर काढून घेऊ शकतात, म्हणून घरातल्या संपवायचं काम चालू आहे. रोज दोन भाज्या होतायत. विम्याचे कागद आणि औषधं हिनं वेगळ्या पिशवीत घातली आहेत. आईला सांग, काळजी करू नको, आम्ही रात्रीची गाडी चालवत नाही.

परतताना मार्चच्या शेवटी नेब्रास्कात प्लॅट नदीवर थांबायचा विचार आहे. तेव्हा तिथे लाखो सँडहिल क्रेन उतरलेले असतात. त्याबद्दल तेव्हा लिहीन.

सोबत नकाशाची झेरॉक्स जोडली आहे. मुक्कामाच्या गावांना पेन्सिलीनं गोल केलेत. पोचलो की रोज फोन करीन, तू त्या गोलावर खूण कर. आणि ब्लँकोचा बेत नीट बघ. सातऐवजी सहाला निघावं असं वाटत असेल तर कळव, आम्ही सहाला निघू.

तुझा
धाकटा भाऊ