समुद्रकाठी गाडी हवीच कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीतला समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीविषयीचा लेख वाचला. कुठे उतरावे, पोहायला केव्हा जावे, सामानात काय काय असावे याची माहिती नेटकी दिली आहे. गावात फिरायचे कसे, हा प्रश्न मात्र एका वाक्यात निकालात काढला आहे: गाडी हाताशी असेल तर उत्तम, नाहीतर गैरसोय होते. हे वाक्य वाचून ज्यांना गाडी चालवता येत नाही किंवा भाड्याने घेणे परवडत नाही, ते बेत रद्द करतील. म्हणून हे पत्र.

माझा अनुभव नेमका उलटा आहे. डोंगरातल्या किंवा विखुरलेल्या ठिकाणी गाडीची गरज पडते, हे मान्य. पण समुद्रकाठचे गाव लांबीने वाढते. पाणी, वाळू, फिरायचा रस्ता, त्याला लागून हॉटेले आणि मागे वस्ती. पाहण्यासारखे बहुतेक सारे याच चिंचोळ्या पट्ट्यात असते. त्यामुळे पाचपन्नास मार्गांचा अभ्यास करावा लागत नाही. किनाऱ्याला समांतर धावणारी एक बस किंवा ट्राम कळली की निम्म्याहून जास्त काम झाले.

यातली कित्येक गावे तर आगगाडीमुळेच वाढली. लंडनहून ब्रायटनला रेल्वे पोहोचली ती १८४१ मध्ये, आणि त्यानंतर एका दिवसात जाऊन येणाऱ्यांची तिथे रीघ लागली. त्याच ब्रायटनच्या किनाऱ्यावर मॅग्नस व्होल्क यांनी १८८३ मध्ये विजेवर चालणारी छोटी रेल्वे सुरू केली. आजही धावणाऱ्या विजेच्या रेल्वेंमध्ये ती जगातली सर्वांत जुनी. इंग्लंडमधल्याच ब्लॅकपूलची विजेची ट्राम १८८५ ची. मोटार सामान्य माणसाच्या दारात यायला तेव्हा खूप अवकाश होता, तरी लोक समुद्र पाहत होतेच. ब्लॅकपूलला स्टार गेटहून उत्तरेला फ्लीटवूडकडे निघालात तर डाव्या हाताच्या खिडकीत बसा. तिन्ही धक्के आणि १८९४ चा मनोरा ओलांडत ट्राम पुढे जाते. शरद ऋतूत तिथे दिव्यांची मोठी रोषणाई असते आणि तेव्हा किनाऱ्याच्या रस्त्यावर मोटारी अक्षरशः खोळंबतात. ट्रामचे रूळ रस्त्यापासून वेगळे असल्याने ती त्या गर्दीत अडकून पडत नाही.

बेल्जियमने तर जवळपास सगळा समुद्रकिनाराच एका ट्रामला जोडून टाकला आहे. क्नोक्के ते दे पाने, सुमारे ६७ किलोमीटर. या टोकापासून त्या टोकापर्यंत बसून राहिलात तर सव्वादोन-अडीच तास लागतात, पण तसे कुणी करू नये. दिवसभराचा पास काढावा, मनाला येईल तिथे उतरावे, वाळूत तासभर काढावा आणि पुढची ट्राम पकडावी. ओस्टेंडहून पश्चिमेला मिडलकेर्ककडे जाताना रूळ समुद्राला अगदी खेटून जातात. उजवीकडची जागा सोडू नये. या ट्राममध्ये बाबागाड्या, वाळूत खेळायची फावडी-बादल्या आणि भाजी घेऊन घरी निघालेली माणसे एकत्र प्रवास करतात. सुट्टीवर आलेला आणि तिथेच राहणारा एकाच बाकावर बसतो. गाडीच्या बंद काचांआडून गावाची ही ओळख होत नाही.

जपानमधली फुजिसावा-कामाकुरा ही रेल्वेही अशीच. लांबी अवघी १० किलोमीटर, स्टेशने १५, आणि १९०२ पासून धावते आहे. एनोशिमाहून पुढे काही अंतर ती चक्क गावातल्या रस्त्यावरून जाते. मोटारी बाजूला होऊन तिला वाट देतात. पुढे घरांच्या इतक्या जवळून जाते की परसातली वाळत घातलेली कापडे खिडकीतून न्याहाळता येतात. कोशिगोए सोडल्यावर घरे एकाएकी संपतात आणि उजव्या बाजूला सगळा समुद्र उघडा होतो. हासे स्टेशनात उतरले की तेराव्या शतकातला कांस्य बुद्ध चालत गाठता येतो. त्याची उंची ११ मीटरहून थोडी जास्त. समांतर जाणाऱ्या किनारी रस्त्यावर सुट्टीच्या दिवशी वाहनांची रांग हलत नाही. त्या रांगेतल्या मंडळींना समुद्र दिसतो खरा, पण उतरता येत नाही.

आता थोडे पद्धतीविषयी, कारण लेखात नेमके हेच हवे होते. सकाळी पहिल्यांदा सर्वांत लांबचे टोक गाठावे आणि तिथून मुक्कामाच्या दिशेने परतत यावे. दमायला होते ते दुपारनंतर, आणि तोवर आपण घराच्या जवळ आलेलो असतो. मधले एखादे अंतर पायी ठेवावे. पोर्तुगालमधली लिस्बनहून कास्काइशला जाणारी लोकल घ्या. डावीकडे बसावे, तेजो नदी रुंद होत होत समुद्राला मिळते ती दिसते. शेवटच्या स्टेशनापर्यंत न जाता इश्तोरीलला उतरून किनाऱ्याच्या पायवाटेने कास्काइशपर्यंत चालत जावे, अंतर तीनेक किलोमीटर. गाडी घेऊन गेलेल्याला हे जमत नाही. तो जिथे गाडी लावतो तिथे त्याला परत यावेच लागते. बसने हिंडणारा एका ठिकाणी उतरतो, दुसऱ्या ठिकाणी चढतो. कास्काइशहूनच बसने काबो दा रोकाला जाता येते, युरोपच्या मुख्य भूमीचे सर्वांत पश्चिमेचे टोक ते हेच.

उंच कडे असलेल्या गावांत चढाचा प्रश्न येतो. तिथे रुळांवरून दोराने ओढून उंचावर नेणाऱ्या छोट्या रेल्वे मदतीला असतात. स्कारबरोची १८७५ ची ही ब्रिटनमधली पहिली. स्पेनमधल्या सान सेबास्तियानला १९१२ पासून इगेल्दो डोंगरावर अशी गाडी जाते आणि वरून शिंपल्याच्या आकाराची सारी खाडी नजरेत मावते. इटलीतल्या चिंक्वे तेर्रेच्या पाच गावांमध्ये रेल्वे हेच मुख्य साधन आहे. तिथे एकच लक्षात ठेवावे. कोर्निलिया हे गाव कड्यावर आहे आणि स्टेशन खाली. मधल्या जिन्याला पावणेचारशेहून अधिक पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर स्टेशनाबाहेरच्या छोट्या बसची वाट पाहावी, हट्ट करू नये.

अडचणी नाहीत असे मी म्हणणार नाही. हंगाम संपला की फेऱ्या निम्म्यावर येतात, काही बंदच होतात. ब्रायटनची ती जुनी रेल्वे हिवाळ्यात धावत नाही. थांब्यावरचे वेळापत्रक खाऱ्या वाऱ्याने फिकट झालेले असते आणि खरी मेख तळाच्या बारीक टिपांत असते: एखाद्या आकड्याशेजारी फुली, आणि फुलीचा अर्थ 'फक्त शाळेच्या दिवशी' किंवा 'रविवारी नाही'. या टिपा आधी वाचाव्यात, वेळा नंतर. परतीची शेवटची गाडी आणि तिच्या आधीची, अशा दोन्ही वेळा टिपून घ्याव्यात आणि बेत आधीच्या गाडीचाच करावा. सूर्यास्त पाहून उठणारी सारी गर्दी एकाच वेळी थांब्यावर येते. तेव्हा एक थांबा मागे चालत जाऊन चढलात तर बसायला जागा मिळण्याचा संभव जास्त. तिकीट गाडीत मिळते की आधी घ्यावे लागते, हेही गावागावांत निराळे. इटलीतल्या अमाल्फीच्या किनाऱ्यावर तिकीट चढण्यापूर्वीच दुकानातून घेऊन ठेवावे हे बरे. उन्हाळ्यात तिथल्या बस खच्चून भरतात आणि उभ्याने वळणे सोसत जावे लागते. पोझितानो, अमाल्फी, सालेर्नो यांना जोडणाऱ्या बोटी त्या दिवसांत जास्त सुखाच्या. पण गाडीवाल्यांचेही तिथे काही सुखाचे नाही. रस्ता इतका अरुंद आहे की २०२२ मध्ये गर्दीच्या दिवसांसाठी सम-विषम क्रमांकांचा नियम करावा लागला. एका दिवशी सम क्रमांकाच्या गाड्या, दुसऱ्या दिवशी विषम.

मला सर्वांत जास्त तळमळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ज्येष्ठ मंडळी, एकट्याने फिरणाऱ्या बायका, लहान मुले घेऊन निघालेले जोडपे, दृष्टी अधू असलेला माणूस, शिष्यवृत्तीवर राहणारा विद्यार्थी, यांच्यासाठी बस ही गाडी नसल्याची भरपाई नाही, तोच त्यांचा प्रवास आहे. प्रवासवर्णने आणि सल्ले मात्र बहुधा गाडी चालवणाऱ्याच्या आसनावरून लिहिले जातात. आणि त्याची किंमत त्या गावांनाही मोजावी लागते. वाळूच्या कडेची मोक्याची जागा वाहनतळाखाली जाते, तिथल्या रहिवाशाला आपल्याच रस्त्यावरून बाहेर पडता येत नाही. प्रवाशांनी बस भरल्या तर हंगामाबाहेरही त्या चालू ठेवायला परवडते, आणि त्या बसने गावातली मुले शाळेत जातात, आजारी माणसे दवाखान्यात जातात.

म्हणून विनंती आहे. पुरवणीत कुठल्याही किनाऱ्यावरच्या गावाबद्दल छापताना सोबत एक चौकट द्यावी. जवळचे रेल्वे स्टेशन कोणते, किनाऱ्याने जाणारा मार्ग कोणता, दिवसभराचा पास मिळतो का, बिगरहंगामात काय बंद असते, कुठे पायऱ्या आहेत आणि चाकाची खुर्ची चढते का. वेळा बदलत राहतात, त्यामुळे त्या छापू नयेत, कुठे पाहाव्यात तेवढे सांगावे. आणि लेखकांना एवढे जरूर कळवावे की निदान एक दिवस त्यांनी गाडीची किल्ली हॉटेलातच ठेवून ते गाव पाहावे, मग लिहावे.

कळावे,
आपल्या पुरवणीची एक नियमित वाचक