अर्धाच इतिहास सांगणारं संग्रहालय

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत बुडापेस्टवरच्या लेखात 'हाउस ऑफ टेरर' हे संग्रहालय अजिबात चुकवू नका, असा सल्ला दिला आहे. चुकवू नयेच. पण तिथे काय सांगायचं राहून गेलंय, तेही वाचकांना कळायला हवं, म्हणून हे पत्र.

आंद्राशी रस्त्यावरची ही ६० नंबरची इमारत १९४४ मध्ये 'ॲरो क्रॉस' या हंगेरीतल्या नाझीधार्जिण्या पक्षाचं मुख्यालय होती. युद्ध संपल्यावर कम्युनिस्टांच्या गुप्त पोलिसांनी तीच ताब्यात घेतली. आत शिरताच समोर रणगाडा आणि भिंतीवर वरपर्यंत बळींचे चेहरे. तळघरात नेणारी लिफ्ट मुद्दाम सावकाश उतरते आणि तेवढा वेळ पडद्यावरचा माणूस फाशी कशी दिली जायची ते सांगत राहतो. आम्ही सात-आठ जण होतो, कुणी कुणाकडे पाहिलं नाही. माझे वडील गिरणी कामगार, लाल बावट्याचे. मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं वाचत आम्ही भावंडं मोठी झालो. त्या कोठड्यांत उभं राहणं मला फार जड गेलं. तिथे जे घडलं ते घडलंच, त्यावर पांघरूण घालायला मी हे लिहीत नाही.

माझा आक्षेप मापाला आहे. दोन राजवटींचं हे स्मारक, पण बहुतेक दालनं एकाच राजवटीची. मे ते जुलै १९४४ या काळात हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यू रेल्वेत कोंबून पाठवले गेले, बहुतेक ऑश्विट्झच्या नाझी मृत्युछावणीत. त्यांना गोळा करून डब्यांत चढवायला हंगेरीचेच पोलीस होते. तेव्हा ॲरो क्रॉस सत्तेवर नव्हता, तो आला ऑक्टोबरात. देशाचा प्रमुख होता होर्टी. याबद्दल मला तिथे फारसं काही दिसलं नाही. संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधान ओर्बान यांनी केलं २४ फेब्रुवारी २००२ रोजी. एप्रिलमध्ये निवडणूक होती आणि समोरचा पक्ष होता जुन्या कम्युनिस्टांचा वारस. तारीख कळल्यावर दालनांचा हिशेबही कळतो.

आणखी एक खटकलं. कम्युनिस्ट राजवटीविरुद्धचा १९५६ चा उठाव चिरडल्यानंतर कम्युनिस्ट नेता कादार तीस वर्षांहून जास्त काळ सत्तेवर होता. आज साठी-सत्तरीत असलेल्या हंगेरियन माणसाचं शिक्षण, लग्न, नोकरी सगळं त्या काळातलं. त्या जगण्याला तिथे जवळपास जागाच नाही.

बर्लिनमध्ये उलटी तऱ्हा. श्प्रे नदीकाठच्या खासगी डीडीआर (म्हणजे कम्युनिस्ट पूर्व जर्मनी) म्युझियममध्ये तिथल्या त्राबांट या मोटारगाडीत बसून ती चालवल्याचा अनुभव घेता येतो. लोकांवरच्या सरकारी पाळतीबद्दलही तिथे आहे, पण मी गेले तेव्हा गर्दी गाडीपाशी होती. माझा नातूही तिथून हलेना. त्यात त्याचा काय दोष!

मला पटलं ते आयझेनह्युटेनश्टाटचं संग्रहालय. पोलाद कारखान्यासाठी १९५० पासून नव्याने वसवलेलं हे गाव, काही वर्षं याचं नाव 'स्टालिनश्टाट' होतं. तिथल्या एका जुन्या पाळणाघरात पूर्व जर्मनीतल्या रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या आहेत, बहुतेक लोकांनी स्वतः आणून दिलेल्या. मुलीच्या शेजारच्या बाई आमच्यासोबत होत्या, त्या पूर्व जर्मनीतच वाढलेल्या. उकडलेलं अंडं ठेवायचा कोंबडीच्या आकाराचा प्लॅस्टिकचा कप पाहून त्या हरखल्या. "आमच्याकडे पिवळा होता," म्हणाल्या. मग थोडं थांबून म्हणाल्या, "त्याच टेबलावर बाबा रोज बजावायचे, घरात ऐकलेलं शाळेत बोलायचं नाही."

एवढ्याशा कपात त्यांना आनंद आणि धाक दोन्ही एकदम आठवले. बुडापेस्टच्या त्या लिफ्टमध्ये मला फक्त धाक भेटला, त्राबांटमध्ये फक्त गंमत. ज्यांनी ती चाळीस वर्षं काढली त्यांच्याशी दोन्हीकडे अन्यायच होतो, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडून आता बरेच जण युरोपला जातात आणि पुरवणीतले लेख कापून सोबत नेतात, मीही नेते. म्हणून विनंती, पुढच्या वेळी बुडापेस्टबद्दल छापाल तेव्हा १९४४ च्या त्या तीन महिन्यांबद्दल दोन ओळी जरूर द्या. आणि बर्लिनहून आयझेनह्युटेनश्टाटला रेल्वेने दोन तासांच्या आत पोचता येतं, हेही कळवा.

आपली,
एक वाचक, डोंबिवली