बाबा, आत्याला गिऱ्याने नेलं नव्हतं

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आत्याच्या बुडण्याचा विषय निघाला की बाबा फोन तुझ्याकडे देतात आणि अंगणात निघून जातात. म्हणून लिहितेय. आई, तू हे मोठ्याने वाच आणि बाबांना शेवटपर्यंत बसव.

फेब्रुवारीत मी पुन्हा पडले. डोंबिवलीला लोकल सुटत होती, जिना धावत चढले आणि वरच्या पायरीवर डोळ्यांपुढे काळोख. तुम्हाला कळवलं नाही, त्याबद्दल माफ करा. शुद्धीवर आले तेव्हा कुणीतरी माझी पर्स छातीशी धरून बसलं होतं. नेहमीसारखीच मी लगेच ताळ्यावर आले, नाव, पत्ता, सगळं नीट सांगितलं.

या वेळी ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, त्यांनी आधी कागद बघितले नाहीत. एकच विचारलं, "प्रत्येक वेळी पडण्याच्या आधी काय करत होतात?" बाबा, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी आठवत गेले. आठवीत तालुक्याच्या स्पर्धेत चारशे मीटर धावताना पडले, तोंडात लाल माती गेली होती. कॉलेजात बस पकडताना. दादाच्या लग्नात वरातीत नाचताना. बसल्या जागी एकदाही नाही. उन्हात, गर्दीत, उपाशी पोटी उभं राहून घेरी येते तो प्रकार वेगळा आणि बहुतेकदा निरुपद्रवी असतो. धावता-पोहताना शुद्ध जाणं हे मात्र हृदयाकडे बोट दाखवतं, असं त्या म्हणाल्या.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "घरात कुणी लहान वयात अचानक गेलंय? झोपेत, धावताना? बुडून?"

मी गप्प झाले, बाबा.

आधी आजाराचं सांगते. हृदयाचा ठोका पडला की पुढच्या ठोक्यासाठी त्यातली वीज पुन्हा भरून यावी लागते. ईसीजीवर हे अंतर मोजता येतं, त्याला क्यूटी म्हणतात. नाडीच्या वेगाचा हिशोब धरून बायकांमध्ये ते साधारण ४६० मिलिसेकंदांच्या आत असतं, माझं ४९८ आलं. वीज भरायला उशीर होतो आणि नेमकी त्याच वेळी धाप लागली तर हृदय ठोके देण्याऐवजी नुसतं थरथरतं. मेंदूला रक्त पोचत नाही, काही सेकंदांत माणूस खाली. बहुतेक वेळा ठोका आपोआप ताळ्यावर येतो आणि माणूस उठून बसतो. एखाद्या वेळी येत नाही. याला लाँग क्यूटी सिंड्रोम म्हणतात. जीनच्या तपासणीत माझा टाइप १ निघाला. यात शुद्ध हरपते ती मुख्यतः श्रमाने, आणि सगळ्यात जास्त पोहण्याने.

आई, रक्त पोचलं नाही की हातपाय झटके देतात, म्हणून ते फिटसारखं दिसतं. अकरा वर्षं मी फिटच्या गोळ्या खाल्ल्या. मेंदूचा आलेख दोनदा काढला, दोन्ही वेळा चांगला आला, तरी गोळ्या चालूच राहिल्या. फिटनंतर माणूस बराच वेळ गुंगीत असतो, मी मात्र डोळे उघडले की "आई, पाणी दे" म्हणायचे. ते तूच दर वेळी सांगायचीस आणि कुणी ऐकून घेत नव्हतं. स्थळ बघायला यायचं तेव्हा तू गोळ्यांचा डबा तांदळाच्या पिंपात खुपसायचीस, मी बघितलंय. देवळात कौल लावलास, गाऱ्हाणं घातलंस, माझ्यासाठी वर्षभर शनिवार धरलेस. तू काही चुकली नाहीस. तुला हातातलं सगळं केल्याशिवाय झोप लागत नव्हती, एवढंच.

आता आत्याचं.

तुम्ही एकदाच बोललात, मी बारावीत असताना, वीज गेली होती आणि आपण ओट्यावर बसलो होतो. १९६५ चा मे महिना, तुम्ही चौदा वर्षांचे, ती अकराची. कांदळवनापर्यंत कोण आधी पोचतं, ही शर्यत तुम्ही लावलीत. ती तुमच्यापेक्षा चांगली पोहायची. तुम्ही मागे वळून बघितलंत तर पाणी सपाट. ओरडली नाही, हात मारले नाहीत, गटांगळी खाल्ली नाही. "गिऱ्यान व्हडून नेल्यान," पाण्यातल्या भुताने ओढून नेलं, असं आजी मरेपर्यंत म्हणत होती. आणि तुम्ही मनात धरून बसलात की नेलं ते तुमच्या शर्यतीने.

डॉक्टरीणबाईंना मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, साठ वर्षांपूर्वीच्या मृत्यूचं कारण आज छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, पण पट्टीची पोहणारी मुलगी आवाज न करता जाते आणि तिच्या भाचीत हा दोष निघतो, तर बहुधा ती आधी बेशुद्ध झाली आणि मग बुडाली. तिला भीती वाटायलाही वेळ मिळाला नसेल, बाबा. तुम्हाला तिची हाक ऐकू आली नाही, कारण तिने मारलीच नव्हती.

आणि शर्यतीचं म्हणाल, तर तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं? १९५७ मध्ये नॉर्वेतल्या दोन डॉक्टरांनी एका कुटुंबातल्या बहिऱ्या मुलांमध्ये हा दोष पहिल्यांदा नोंदवला. ऐकू येणाऱ्या माणसांतला, म्हणजे आपल्यासारखा, १९६३ मध्ये इटलीतल्या आणि १९६४ मध्ये आयर्लंडमधल्या डॉक्टरांनी मांडला. आत्या गेली त्याच्या जेमतेम वर्षभर आधी. माझ्या टाइपचा जीन सापडला १९९६ मध्ये, तेव्हा मी चौथीत होते. जे जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांना नुकतं कुठे दिसायला लागलं होतं, ते खाडीत पोहणाऱ्या चौदा वर्षांच्या पोराला कसं दिसणार?

आता तुम्ही दोघांनी करायचं ते. हा दोष बहुतेक वेळा आईकडून किंवा बाबांकडून येतो, आणि ज्याच्यात आहे त्याच्या प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. आत्याकडे बघता तो बाबांकडून आला असावा. बाबा, "माका कधी घेरी येवक नाय" हे उत्तर चालणार नाही. दोष अंगात असूनही आयुष्यभर काही न होणारी माणसं असतात. ईसीजी चांगला आला तरी जीनची तपासणी करायचीच, कारण कधीकधी ईसीजीत हा दोष लपतो.

तोवर एक गोष्ट आजच. ॲसिडिटीची जी कॅप्सूल तुम्ही सकाळी उपाशी पोटी घेता, तिच्या पाकिटावर डोम्परिडोन लिहिलंय का, आईकडून वाचून घ्या. असेल तर ती घेण्याआधी डॉक्टरांना माझा आजार सांगा. क्यूटी वाढवणाऱ्या औषधांत ते येतं. घशासाठी देतात ते अझिथ्रोमायसिन आणि पावसाळ्यात नायट्यावर देतात ते फ्लुकोनॅझोलही तसंच. सगळी यादी मी मोठ्या अक्षरांत लिहून आणते, फ्रिजवर लावू. जुलाब लागले तर अंगावर काढायचे नाहीत, पोटॅशियम उतरलं की धोका वाढतो.

दादाशी मी बोललेय. त्याची छोटी मे महिन्यात येणार, आणि कमरेला सुके नारळ बांधून तिला पोहायला शिकवायचं तुम्ही कबूल केलंय. बाबा, दादाची आणि तिची तपासणी होईपर्यंत तिला पाण्यात उतरवू नका. ती रुसेल, रुसू दे. आणि घरात कुणीही असं पडलं तर कांदा, चप्पल हुंगवत बसू नका. आडवं करा, श्वास बघा. श्वास नसेल किंवा नुसते आचके देत असेल तर छातीच्या मधोमध जोरात दाबत राहा आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करा.

मी बरी आहे. प्रोप्रॅनोलॉलची गोळी रोज वेळेवर घेते, ती एक दिवसही चुकवायची नसते. फिटच्या गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केल्या. धावून गाडी पकडत नाही, मागची येते.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते, सकाळी कणकवलीला उतरेन. स्टेशनवर येऊ नका, रिक्षाने येईन. सोमवारी आपण तिघं ओरोसला जिल्हा रुग्णालयात जाऊ, दोघांचे ईसीजी काढून घेऊ. जीनच्या तपासणीसाठीचं रक्त नंतर मुंबईला येऊन द्यायचं.

आणि बाबा, रविवारी संध्याकाळी माझ्याबरोबर खाडीवर चला. ती जागा तुम्ही मला कधी दाखवली नाहीत.

तुमची,
बाय